पोक्रोवा: एक पदर, दोन तारखा

लोकलमध्ये नेटवर्क मिळत नाही म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धवट राहतो, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना येणारे 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे गाळलेत. बाकी मजकूर तोच.

गेल्या काही वर्षांत युक्रेन युद्धाच्या बातम्या थोड्याफार जरी वाचल्या असतील, तर पोक्रोव्स्क हे नाव तुमच्या कानावर नक्की आलंय. दोनेत्स्क भागातलं शहर, रेल्वे जंक्शन, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. २०२४ पासून तिथे भयंकर लढाई झाली. २०१६ पर्यंत या शहराचं नाव होतं क्रास्नोआर्मिय्स्क, लाल सैन्याच्या नावावरून. सोव्हिएत नावं काढायची असं युक्रेनने ठरवल्यावर नवीन नाव आलं ते एका सणावरून. पोक्रोवा.

आता दुसरं चित्र डोळ्यासमोर आणा. मॉस्कोच्या लाल चौकातलं ते रंगीबेरंगी, कांद्यासारख्या घुमटांचं चर्च. टेट्रिस खेळलेल्यांनी ते हमखास बघितलंय, कारण गेमच्या जुन्या खोक्यांवर त्याचंच चित्र असायचं. आपण त्याला सेंट बेसिल म्हणतो, पण त्याचं अधिकृत नाव आहे 'खंदकाकाठचं पोक्रोव्ह कॅथेड्रल'. इव्हान द टेरिबलने १५५२ मध्ये कझान जिंकलं, शेवटचा हल्ला याच सणाच्या सुमारास झाला, म्हणून त्याने १५५५ ते १५६१ या काळात हे चर्च बांधून घेतलं.

म्हणजे ज्या शहरासाठी लढाई झाली त्याच्या नावात आणि हल्ला करणाऱ्यांच्या राजधानीतल्या सगळ्यात प्रसिद्ध इमारतीच्या नावात एकच सण आहे. आणि २०२३ पासून हा सण दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखांना येतो. युक्रेनमध्ये बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरला, रशियात १४ ऑक्टोबरला. हे १३ दिवस आले कुठून, आणि सणाची तारीख हलवली की त्याला चिकटलेल्या चालीरीतींचं काय होतं, हा आजचा विषय.

आधी गोष्ट

पोक्रोवा या शब्दाचा अर्थ आच्छादन, पांघरूण, डोक्यावरून घ्यायचं वस्त्र. संरक्षण असाही अर्थ त्यात येतो. मराठीत यासाठी 'पदर' इतका चपखल शब्द दुसरा नाही. आपणही 'पदराखाली घेतलं' म्हणतो तेव्हा कापडाबद्दल बोलत नसतो.

गोष्ट घडते कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, १०व्या शतकात. शहराच्या वायव्य टोकाला ब्लाखेर्ने नावाच्या भागात मरियामातेचं मोठं चर्च होतं. तिचं वस्त्र तिथे जपून ठेवलंय अशी श्रद्धा होती. एका रात्री तिथे जागर चालू आहे. गर्दीत आंद्रे नावाचा एक माणूस आहे. हा अवलिया. फाटके कपडे, रस्त्यावर झोपणं, लोकांनी वेडा म्हणून हाकलणं. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत असे 'ख्रिस्तासाठी वेडे' झालेले संत बरेच आहेत. त्याच्यासोबत एपिफानियस नावाचा तरुण शिष्य. रात्री उशिरा आंद्रेला दिसतं की मरियामाता स्वतः चर्चमध्ये चालत आलीय. ती गुडघे टेकून रडत प्रार्थना करते, मग आपल्या डोक्यावरचं वस्त्र काढते आणि जमलेल्या सगळ्यांवर धरते. आंद्रे शिष्याला विचारतो, तुलाही दिसतंय का? शिष्य हो म्हणतो. बस. एवढीच गोष्ट.

लक्षात घ्या, यात युद्ध नाही. नंतरच्या लोककथेत सांगतात की त्या वेळी शहराला शत्रूचा वेढा होता आणि या पदरामुळे शहर वाचलं. आंद्रेच्या मूळ ग्रीक चरित्रातल्या या प्रसंगात वेढा नाही. तो आला बहुधा दुसऱ्याच एका आठवणीतून. इसवी सन ८६० मध्ये याच शहरावर समुद्रमार्गे हल्ला झाला होता. तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी मरियामातेचं तेच वस्त्र तटबंदीवरून मिरवलं, आणि हल्लेखोर निघून गेले. पुढच्या इतिवृत्तांत हे आणखी रंगलं: वस्त्र समुद्राला टेकवलं, वादळ उठलं, जहाजं फुटली.

आणि हे हल्लेखोर कोण? रुस. कीव्हची परंपरा तर त्यांच्या सरदारांची नावंही सांगते, अस्कोल्ड आणि दीर. म्हणजे ज्यांची जहाजं त्या पदरापुढे बुडाली असं सांगतात, त्यांच्याच वारसांनी पुढे त्या पदराचा सण सुरू केला! मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते. आंद्रेच्या बाबतीतही असंच झालं. ग्रीक चरित्रात तो सिथियन गुलाम आहे, स्लाव्ह भाषांतरात तो सरळ स्लाव्ह होतो. आपला माणूस करून टाकला.

कारण गंमत अशी की ग्रीकांनी त्या काळी हा सण पाळलाच नाही. दृष्टांत त्यांच्या राजधानीतला, पण सण म्हणून तो रुसांच्या देशात १२व्या शतकात रुजला. सुरुवात नेमकी कुणी केली यावर वाद आहे. बरेच इतिहासकार उत्तरेकडच्या व्लादिमिर शहराचा राजा आंद्रे बोगोल्युब्स्की याचं नाव घेतात, काहींच्या मते मूळ कीव्हमध्येच आहे. राजकारण जपून बघा: 'हा सण मूळचा आमचा' हे वाक्य दोन्ही बाजूंना म्हणायला आवडतं.

कोसॅक आणि त्यांची आई

युक्रेनमध्ये या सणाला जे वजन आलं ते झापोरोझियन कोसॅक लोकांमुळे. नीपर नदीच्या खालच्या टापूत, बेटांवर आणि काठांवर, त्यांचा तळ असायचा, त्याला 'सिच' म्हणत. तळात बायकांना प्रवेश नाही. आणि मधोमध जे चर्च, ते पोक्रोवाचं. सगळे पुरुष, सगळे लढवय्ये, आणि डोक्यावर छत्र एका आईच्या पदराचं. सणाच्या दिवशी तिथे कोसॅकांची सभा भरायची. वर्षातून ठरलेल्या सभा तीन: १ जानेवारी, ईस्टरच्या लगोलग, आणि पोक्रोवाला. सरदार निवडायचा, नको असेल तर उतरवायचा.

१७०९ मध्ये झार पीटरच्या फौजेने सिच उद्ध्वस्त केली तेव्हा कोसॅक क्रिमियाच्या खानाच्या हद्दीत गेले. तिथेही पोक्रोवाचं चर्च. १७७५ मध्ये कॅथरीनच्या हुकमाने सिच कायमची मोडली, तेव्हा काही जण डॅन्यूब नदीच्या मुखाशी, तुर्कांच्या राज्यात गेले. तिथल्या सिचमध्येही पुन्हा पोक्रोवाचंच चर्च. शेवटचा प्रमुख पेत्रो काल्निशेव्स्की मात्र पकडला गेला. त्याला थेट उत्तरेच्या पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्की बेटांवरच्या मठात डांबलं. २५ वर्षं कैद. सुटका झाली तेव्हा वयाची शंभरी उलटून गेली होती. तो तिथेच राहिला आणि १८०३ मध्ये तिथेच वारला.

१८व्या शतकातल्या युक्रेनियन पोक्रोवा चित्रांमध्ये एक वेगळेपण दिसतं. वर मरियामाता पदर पसरून उभी, आणि खाली, जिथे ग्रीक गोष्टीप्रमाणे कॉन्स्टँटिनोपलचे लोक असायला हवेत, तिथे कोसॅक उभे आहेत. मिशा, शेंडी, भरजरी कोट, कमरेला तलवार. एका प्रसिद्ध चित्रात बोहदान ख्मेल्निट्स्की हा त्यांचा मोठा नेता आहे. ते कीव्हच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. फोनवर शोधून बघाच, वर्णन ऐकून मजा येत नाही.

या कोसॅक धाग्यामुळेच पुढे १४ ऑक्टोबर १९४२ ही युक्रेनियन विद्रोही सेनेची, म्हणजे युपीएची स्थापना तारीख मानली गेली. ती तारीख प्रतीक म्हणून निवडलेली आहे. ही सेना नाझींशी आणि सोव्हिएत फौजांशी लढली, आणि १९४३ मध्ये वोलिन भागात पोलिश नागरिकांच्या कत्तलीही तिनेच केल्या. पोलंड ते विसरलेला नाही. २०१४ मध्ये क्रिमिया गेल्यावर युक्रेनने २३ फेब्रुवारीचा सोव्हिएत सैन्यदिन बंद केला आणि १४ ऑक्टोबरला देशरक्षकांचा दिवस ठरवला. २०१५ पासून सार्वजनिक सुट्टी. २०२१ मध्ये नावात स्त्री सैनिकांचाही स्पष्ट उल्लेख आला.

डोकं झाकणं

पण गावातल्या आजीला विचारलं तर ती कोसॅक नाही सांगणार. ती लग्नं सांगेल.

पोक्रोवापर्यंत शेतातली कामं संपतात. धान्य आत, बटाटे आत, कार्पेथियन डोंगरांतल्या उंच कुरणांवरून मेंढरं खाली, गड्यांचे हिशोब चुकते. मोठ्या जत्रा भरायच्या, खार्किव्ह शहराच्या चार नामांकित जत्रांपैकी एक पोक्रोवाचीच होती. हातात पैसा, कोठारात धान्य, अंगाला थोडी उसंत. मग लग्नं. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की हॉल मिळेनासे होतात, तसंच. शेवटची मुदतही ठरलेली: संत फिलिपच्या दिवसानंतर नाताळाआधीचा लांब उपवास सुरू होतो आणि उपवासात लग्न लागत नाही. म्हणजे साधारण ६ आठवड्यांची खिडकी.

मुलीकडे वधूपरीक्षेला मुलगा एकटा जात नाही. 'स्तारोस्ती' म्हणजे गावातले दोन भारदस्त, बोलघेवडे मध्यस्थ पुढे. ते काही सरळ विषय काढत नाहीत. आम्ही शिकारी, एका हरिणीचा माग काढत तुमच्या दारात आलो, असं नाटक चालतं. मुलीचा होकार असेल तर ती भरतकाम केलेले लांब टॉवेल, 'रुश्निक', मध्यस्थांच्या अंगावरून तिरपे बांधते. नकार असेल तर त्यांच्या हातात भोपळा! शब्द न बोलता उत्तर मिळालं. आणि भोपळे नेमके याच दिवसांत तयार झालेले असतात, घरोघरी ढीग. आजही युक्रेनियनमध्ये 'भोपळा मिळाला' म्हणजे पोरीने नकार दिला. आपल्याकडे भोपळा परीक्षेत मिळतो, तिकडे लग्नात.

इथे थोडं थांबते, कारण हा शब्द भारी आहे. भोपळ्याला युक्रेनियन शब्द 'हारबूझ'. ओळखीचा वाटतोय ना? फारसीतला 'खरबुझा' तुर्की भाषांमार्गे तिकडे गेला आणि भोपळा झाला, आपल्याकडे आला आणि खरबूज झाला. रशियनमध्ये हाच शब्द 'अर्बूझ' होऊन कलिंगडाला चिकटला. एक शब्द, तीन फळं.

तर लग्न. लग्नातला सर्वांत भावनिक विधी असतो 'पोक्रिवान्न्या', झाकण्याचा. कुमारी मुलगी एक वेणी घालते, डोक्यावर फुलांचा मुकुट, केस उघडे. लग्नाच्या शेवटी मुकुट उतरवतात, वेणी सोडतात, आणि बायका तिच्या डोक्यावर विवाहितेची टोपी आणि वरून रुमाल बांधतात. यापुढे परक्यासमोर उघड्या केसांनी जायचं नाही. पोक्रोवा आणि पोक्रिवान्न्या, मूळ एकच. म्हणून मुली या दिवशी पहाटे चर्चमध्ये जाऊन मरियामातेकडे मागणं मागायच्या की माझंही डोकं झाक. मेणबत्ती जी आधी लावेल तिचं लग्न आधी, असंही मानायचे. चर्चचा 'आमचं रक्षण कर' हा अर्थ गावात आला आणि 'माझं लग्न होऊ दे' झाला. धर्मगुरूंना हे कितपत आवडलं असेल ही शंकाच आहे, पण सण टिकला तो बऱ्याच अंशी या मुलींमुळे.

आणि याच धातूपासून तिसरा शब्द बनतो, तो ऐकून अंगावर काटा येतो. 'पोक्रित्का'. लग्नाआधी मूल झालेली मुलगी. तिला उघड्या केसांनी फिरायचा हक्क राहिला नाही, आणि लग्नाचा विधीही मिळणार नाही. गावातल्या बायका तिच्या डोक्यावर रुमाल बांधायच्या. गाणी नाहीत, टॉवेल नाहीत, नवरा नाही. तोच रुमाल, तोच विधी, पण शिक्षा म्हणून. युक्रेनचा सर्वांत मोठा कवी तारास शेव्चेन्को याच्या १८४० च्या पहिल्या संग्रहात 'कातेरिना' ही दीर्घ कविता आहे. तिची नायिका पोक्रित्काच आहे. तिला फसवणारा रशियन सैन्यातला अधिकारी. म्हणजे ज्या पदराखाली सगळ्यांना घेतलं असं गोष्ट सांगते, त्याच पदराने गाव कुणाला बाहेर ठेवायचं हेही ठरवत होतं. सणावरच्या गोडगोड लेखांमध्ये हा शब्द सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

हवामान खातं

उरलेल्या चालीरीती हवामानाच्या. या दिवशी वारा उत्तरेचा असेल तर थंडी कडक, दक्षिणेचा असेल तर सौम्य. चेरीची पानं अजून झाडावर असतील तर हिवाळा उबदार. क्रौंच पक्षी पोक्रोवाआधीच उडून गेले तर थंडी लवकर आणि जोरात. आई पृथ्वीला झाकते, कुठे पानांनी, कुठे बर्फाने. बर्फ पडला तर त्या वर्षी लग्नं खूप. आणि पोक्रोवानंतर गहू पेरणाऱ्याकडे गायीला घालायलाही काही उरणार नाही, अशी सरळ धमकी.

हे सगळं अंधश्रद्धा म्हणून सोडून देऊ नका. ज्या शेतकऱ्याकडे छापील पंचांग नाही, थर्मामीटर नाही, त्याच्यासाठी सण हाच रिमाइंडर. संत आणि सण हे नोटिफिकेशन, आणि म्हणी हा त्याचा मजकूर. 'गहू पेरून झाला का? शेवटची तारीख.' रोहिणी आणि मृग नक्षत्रावर पेरण्या ठरवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

अडचण एकच. रिमाइंडर योग्य तारखेला वाजायला हवा.

१३ दिवसांचा बग

तारखांशी खेळणारं कोड ज्याने कधी लिहिलंय त्याला माहीत आहे की लीप वर्षाचा नियम 'चारने भाग जातो का' इथे संपत नाही. ज्युलियन कॅलेंडर तिथेच संपतं. दर ४ वर्षांनी एक दिवस, विषय बंद. म्हणजे वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचं. पण ऋतूंचं खरं वर्ष त्यापेक्षा साधारण ११ मिनिटांनी लहान आहे. ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण १२८ वर्षांत त्याचा एक अख्खा दिवस होतो. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने १० दिवस वगळून दुरुस्ती केली आणि नियम बदलला: शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप. आपल्या फोनमध्ये तेच ग्रेगोरियन कॅलेंडर आहे. पूर्वेकडच्या चर्चनी पोपचं ऐकायचा प्रश्नच नव्हता. ती ज्युलियनवरच राहिली.

अशी घसरण आपल्या घरातही आहे. मकरसंक्रांत कायम १४ जानेवारीला असं आपण समजतो, पण आता ती बरेचदा १५ ला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. तिथे कारण वेगळं आहे, आपलं पंचांग ताऱ्यांच्या संदर्भाने चालतं, पण परिणाम तोच: दोन वर्षांच्या लांबीत किंचित फरक, आणि दर ७० हून थोड्या अधिक वर्षांनी एक दिवस पुढे.

आता मुद्द्याची गोष्ट. चर्चच्या पुस्तकात पोक्रोवाची तारीख पहिल्यापासून १ ऑक्टोबरच आहे. कधीच १४ नव्हती! कोसॅक सभा भरायची तीही त्यांच्या कॅलेंडरच्या १ ऑक्टोबरला. १४ हे फक्त भाषांतर आहे, ज्युलियन १ ऑक्टोबर आपल्या कॅलेंडरवर कुठे पडतो ते सांगणारं. आणि ते भाषांतर दर शतकाला बदलत आलंय. १७व्या शतकात तो दिवस ११ ऑक्टोबरला पडायचा, १८व्यात १२, १९व्यात १३, आणि १९०० नंतर १४. जुनं कॅलेंडर पाळणाऱ्यांकडे २१०० पासून तो १५ ऑक्टोबरला येईल. म्हणजे 'आमच्या वाडवडलांची तारीख १४' म्हणणाऱ्यांच्या खापरपणजोबांकडे ती १३ होती.

मग 'खरी' कुठली? उलट हिशोब करून बघितला. आंद्रेला दृष्टांत झाला असं परंपरा मानते त्या १०व्या शतकाच्या सुरुवातीला ज्युलियन १ ऑक्टोबर म्हणजे आजच्या हिशोबात ६ ऑक्टोबर. १२व्या शतकात, सण रुजला तेव्हा, ८ ऑक्टोबर. म्हणजे सूर्य बघितला तर १४ ही तारीख मूळ जागेपेक्षा उशिरा आहे आणि १ ही लवकर. दोघंही चुकलेले, किंवा दोघंही बरोबर. १ ऑक्टोबर लवकर पडते कारण पोप ग्रेगरीने दुरुस्ती करताना घड्याळ चौथ्या शतकातल्या निकेया परिषदेच्या वेळेला लावलं, आणि तेव्हा हा सण अस्तित्वातच नव्हता.

२०२३

रशियाने २०२२ मध्ये पूर्ण हल्ला केला, मॉस्कोच्या धर्मप्रमुखांनी त्याला उघड पाठिंबा दिला, आणि युक्रेनमध्ये 'आपण मॉस्कोच्याच दिवशी सण का करतो' हा प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत पोचला. युक्रेनच्या स्वतंत्र ऑर्थोडॉक्स चर्चला २०१९ च्या जानेवारीत अधिकृत मान्यता मिळाली होती. या चर्चने आणि युक्रेनियन ग्रीक कॅथोलिक चर्चने १ सप्टेंबर २०२३ पासून ठरलेल्या तारखांचे सगळे सण नवीन कॅलेंडरवर आणले. ईस्टर मात्र जुन्याच पद्धतीने. सरकारनेही त्याच उन्हाळ्यात कायदा करून नाताळची सुट्टी २५ डिसेंबरला आणि देशरक्षक दिन १ ऑक्टोबरला नेला. मॉस्कोशी परंपरेने जोडलेली दुसरी ऑर्थोडॉक्स शाखा जुन्याच तारखांवर राहिली. स्वतंत्र चर्चमधल्याही ज्या गावांना जुनंच हवं त्यांना मुभा ठेवली.

'जुनं म्हणजे मॉस्कोचं' हे समीकरण पूर्ण खरं नाही, हेही सांगायला हवं. सर्बिया, जॉर्जिया, जेरुसलेम इथली ऑर्थोडॉक्स चर्चही ज्युलियनवरच आहेत. आणि जे नवीन घेतलं ते तांत्रिकदृष्ट्या पोपचं नाहीच. ते आहे सुधारित ज्युलियन. १९२३ मध्ये मिलुतिन मिलान्कोविच या सर्बियन शास्त्रज्ञाने सुचवलेलं. भूगोलात हिमयुगांची मिलान्कोविच चक्रं शिकला असाल, तोच हा माणूस. त्याचा नियम: शतकाच्या वर्षाला ९०० ने भागा, बाकी २०० किंवा ६०० उरली तरच लीप. हे ग्रेगोरियनपेक्षा अचूक आहे आणि २८०० सालापर्यंत दोघांच्या तारखा अगदी सारख्या. म्हणजे व्यवहारात पोपचं कॅलेंडर, पण पोपचं नाव न घेता.

या बदलाचा एक परिणाम आपल्या मुंबईपर्यंत येतो. बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा ज्या सणाला जोडून भरते, तो मरियामातेचा जन्मदिवस, ८ सप्टेंबर, युक्रेनमध्ये आधी २१ सप्टेंबरला यायचा. आता दोन्हीकडे एकच दिवस.

मग चालीरीतींचं काय झालं? लग्नाच्या खिडकीला धक्का लागला नाही, कारण तिची दोन्ही टोकं चर्चच्या कॅलेंडरमध्ये आहेत. आधी १४ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर, आता १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. अख्खा ब्लॉक सरकला. भोपळेही तोवर तयार असतात. देशरक्षक दिन तर सरळ सरकारी, तो हलवला की हललाच. २०२२ पासून युक्रेनमध्ये रोज सकाळी ९ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता पाळतात. त्या दिवशी ती जास्त जड होते, एवढंच.

तुटल्या त्या हवामानाच्या म्हणी. कारण क्रौंच पक्षी, चेरीची पानं आणि उत्तरेचा वारा यांनी कुठलाही ठराव वाचलेला नाही. या म्हणी बऱ्याचशा १९व्या शतकात लोकांनी लिहून ठेवल्या. तेव्हा पोक्रोवा आपल्या १३ ऑक्टोबरला होती आणि हवा आजच्यापेक्षा थंड. आता १ ऑक्टोबरला युक्रेनच्या बहुतेक भागात बर्फाचं नावही नसतं, चेरी हिरव्यागार. त्या म्हणीप्रमाणे बघितलं तर प्रत्येक हिवाळा 'उबदार' निघेल. आणि पेरणीची शेवटची तारीख १३ दिवस आधी आली तर शेतकरी ती पाळणार नाही, तो माती आणि ॲप बघून पेरणार.

मला वाटतं इथे खरी रस्सीखेच आहे, चर्च आणि चर्चमध्ये नाही तर एकाच घरात. नातू म्हणतो १ तारीख, कारण त्याचा मित्र आघाडीवर आहे आणि मॉस्कोच्या तारखेला मेणबत्ती लावणं त्याला जमत नाही. आजी म्हणते १४, कारण पन्नास वर्षं तिने त्याच दिवशी कोबीची बरणी भरली आणि त्याच दिवशी तिचं लग्न ठरलं होतं. दोघांपैकी कुणीही रशियाच्या बाजूचं नाही. आजीचं कॅलेंडर तिच्या अंगात आहे, नातवाचं बातम्यांत. तारीख बदलायला एक दिवस पुरतो, अंगातलं बदलायला पिढी जाते. ग्रीकांनी तर १९५२ मध्ये हा सण सरळ २८ ऑक्टोबरला नेला, कारण १९४० मध्ये त्या दिवशी त्यांनी मुसोलिनीला 'नाही' म्हटलं होतं आणि ती त्यांची राष्ट्रीय सुट्टी आहे. आज ग्रीसमध्ये त्यावर कुणी भांडताना दिसत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या टीममध्ये युक्रेनियन सहकारी असेल तर फोनच्या कॅलेंडरमधला सण बघून आपोआप शुभेच्छा टाकू नका. काही ॲप अजून १४ ऑक्टोबर दाखवतात, काही दोन्ही. 'तुमच्या घरी पोक्रोवा कधी असते?' एवढं विचारा. उत्तर एका शब्दात येणार नाही, त्यामुळे मीटिंगच्या पाच मिनिटं आधी विचारू नका. आणि युद्धाच्या वर्षांत 'हॅपी' लावायचं की नाही तेही समोरच्याचा सूर बघून ठरवा.

पुढचा भाग गुरुवारी सकाळी. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो एका मिनिटाच्या आत.